आडवी करंगळी

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये मॅरेथॉन असते. सकाळी आठच्या सुमारास तळ्यांवरून येणारा वारा कानांना झोंबतो, मेपलची पानं निम्मी लाल आणि निम्मी रस्त्यावर पडलेली असतात, आणि तरी लोक खुर्च्या, घंटा, थरमास घेऊन कडेला उभे असतात. सुरुवातीच्या काही मैलांतच एक उंचापुरा, वयस्कर कृष्णवर्णीय माणूस अंगाभोवती सूझाफोन नावाचं भलंमोठं पितळी फुंकवाद्य घेऊन पळणाऱ्यांसाठी वाजवत असतो. त्या वाद्याचा खर्ज आधी छातीत जाणवतो, मग कानांत. पळणारे त्याच्याकडे बघून हात उंचावतात, काही जण तर त्याच्यासाठी रस्त्याची बाजू बदलून येतात. त्या वर्षी माझ्याबरोबर मैत्रीण आणि तिचा पाच-सहा वर्षांचा मुलगा होता. त्याचं लक्ष वाद्याकडे नव्हतंच. तो मोठ्यानं म्हणाला, ‘‘आई, त्या आजोबांचं बोट बघ, तुटलंय!’’ मैत्रिणीनं घाईघाईनं त्याचा हात खाली केला, असं कुणाकडे बोट दाखवू नये म्हणाली. पण मलाही दिसलं होतं. वाद्य सावरणाऱ्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वळली होती, जवळजवळ काटकोनात. चार बोटं आपापल्या कामात आणि पाचवं भलत्याच दिशेला.

शेजारच्या बाई म्हणाल्या, ‘‘ते जस्टिस पेज.’’ न्यायमूर्तींचं बोट असं कशानं होतं, हे काही त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे बरेच दिवस ती करंगळी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

अ‍ॅलन पेज 1967 ते 1981 अशी पंधरा वर्षं व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळले. त्यातली बहुतेक मिनेसोटा व्हायकिंग्सकडून, शेवटची शिकागो बेअर्सकडून. नियमित हंगामातले 218 सामने, आणि त्यांतला एकही चुकलेला नाही. जागा डिफेन्सिव्ह टॅकलची. म्हणजे चेंडू हलायच्या आधी जे धिप्पाड गडी जमिनीला हात टेकवून एकमेकांच्या श्वासाइतके जवळ बसलेले असतात, त्यांतला एक. समोरच्याला हातांनी ढकलायचं, ओढायचं, त्याच्या बगलेतून वाट काढायची आणि क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे समोरच्या संघाची खेळी चालवणाऱ्या गड्यापर्यंत, पोचायचं. हे एका सामन्यात पन्नास-साठ वेळा. दर वेळी बोटं कुणाच्या तरी हेल्मेटच्या जाळीत, खांद्याच्या कवचात, जर्सीत अडकतात. पेज यांची करंगळी अशीच पुन्हा पुन्हा निखळली आणि शेवटी तशीच राहिली. शाळांमध्ये गेले की मुलं आधी बोटाबद्दल विचारतात, म्हणून मुलीबरोबर त्यांनी त्या करंगळीवर लहानांसाठी एक गोष्टीचं पुस्तकही लिहिलं.

मला या खेळात काही रस नव्हता. हिवाळ्यातल्या रविवारी दुपारी आमच्या दिवाणखान्यात नवऱ्याचे ऑफिसातले मित्र जमायचे, मी कांदाभजी तळून द्यायची आणि वर जाऊन पुस्तक वाचत बसायची. खेळ दोन मिनिटं चालतो आणि पाच मिनिटं थांबतो, यात बघायचं काय, असं वाटायचं. त्या मॅरेथॉननंतर पेज यांच्या जुन्या चित्रफिती शोधून पाहिल्या आणि नजर कुठे ठेवायची ते कळलं. चेंडूकडे बघायचंच नाही. रांगेकडे बघायचं. जांभळ्या जर्सीतला 88 क्रमांक चेंडू हलताक्षणी उठलेला असतो; समोरचा अजून मान वर करतोय तोवर हा त्याच्या खांद्यापलीकडे. डिसेंबर 1971 मधल्या डेट्रॉइट लायन्सविरुद्धच्या सामन्याची फीत तर मी परत परत पाहिली. पंचांनी त्यांच्या विरुद्ध लागोपाठ दंड दिले, ते त्यांना पटले नाहीत, आणि त्यानंतरच्या काही खेळींत समोर उभा राहिलेला प्रत्येक गडी पालापाचोळ्यासारखा बाजूला झाला. राग आलेला दिसतो, पण हात कुणावर उगारलेला नाही. सगळा राग त्या पहिल्या पावलात उतरलेला. त्याच वर्षी त्यांना लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यात आलं. बचाव करणाऱ्या गड्याला हा मान तोवर कधी मिळाला नव्हता.

ते ओहायोमधल्या कँटनचे. पोलादाच्या गिरण्यांचं गाव. ते किशोरवयात असतानाच आई गेली. शिक्षणाला पर्याय नाही हे मात्र घरात पक्कं होतं. 1954 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला तेव्हा ते आठ वर्षांचे होते, आणि कायद्याच्या ताकदीची जाणीव आपल्याला तेव्हापासून झाली असं ते सांगत आले आहेत. आठ वर्षांच्या मुलाला त्यातलं किती कळलं असेल याचा मी कधी कधी विचार करते. आपल्याला ज्या दारातून आत सोडत नाहीत, त्या दाराबद्दल दूरच्या शहरात कुणीतरी काहीतरी लिहिलं आणि दार उघडावं लागलं, एवढं कळलं असेल. तेवढं पुरे होतं. याच कँटनमध्ये व्यावसायिक फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं सन्मानदालन, आहे. ते 1963 मध्ये खुलं झालं. ते बांधलं जात असताना शाळकरी पेज तिथे बांधकामाच्या मजुरांत होते. पंचवीस वर्षांनी, 1988 मध्ये, त्याच इमारतीत त्यांचा अर्धपुतळा बसला.

आमचा नानामामा कबड्डीपटू होता. इस्लामपूरकडच्या मैदानांवर त्याचं नाव होतं. खेळाडू म्हणून पोलिसात लागला, गुडघा गेला, मग कचेरीत बसायला लागला. तो साठीचा झाला तरी लग्नात, बारशात, मयतीलासुद्धा लोक त्याला एकाच सामन्यातली एकच पकड विचारायचे. तोही सांगायचा, पंगतीतल्या पाटावरून अर्धा उठून, हातांनी घोटा धरून दाखवत. आम्हा भाचरांना ती गोष्ट तोंडपाठ होती. त्याला सुंदर अक्षर होतं, तो रात्री उशिरापर्यंत ज्ञानेश्वरी वाचायचा, बागेतल्या प्रत्येक झाडाची तारीख त्यानं वहीत लिहून ठेवली होती. त्याबद्दल त्याला कुणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. त्याला त्याचं दुःख होतं का, तेही ठाऊक नाही. ती पकड सांगताना तो खरोखर आनंदात असायचा. पण त्याच्या माघारी वही माझ्या हातात आली तेव्हा मला भडभडून आलं होतं. पेज यांच्याबद्दल वाचताना मामा सारखा मध्ये यायचा.

कारण पेज यांनी खेळाला आपल्यातलं तेवढंच दिलं, जेवढं खेळाचं होतं.

ते पहिल्या झटक्यात जमलं नाही. व्हायकिंग्समध्ये आल्यावर थोड्याच काळात त्यांनी संध्याकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातलं होतं आणि तीनेक आठवड्यांत सोडून दिलं होतं. पुढे 1975 मध्ये, तिशीला आल्यावर, तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, हरून झाल्यावर, ते मिनेसोटा विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये पुन्हा दाखल झाले. हे खेळ संपल्यानंतरचं नव्हे. खेळ ऐन भरात असताना. रविवारी ब्लूमिंग्टनच्या उघड्या स्टेडियममध्ये, जिथे बड ग्रँट हे प्रशिक्षक कडाक्याच्या थंडीतही खेळाडूंना मैदानाच्या कडेला शेगडी ठेवू देत नसत, तिथे खेळायचं, आणि आठवड्यात करार आणि मालमत्तेचे कायदे वाचायचे. सुजलेल्या बोटांनी वर्गात टिपणं काढायची. दुसऱ्या दिवशी अंग कसं दुखत असेल, पुस्तकाच्या कितव्या पानावर डोळे मिटत असतील, हे कुठल्याच चरित्रात नीट येत नाही. मला तेच वाचायचं असतं. ते स्टेडियम आता नाही. त्या जागी मॉल ऑफ अमेरिका आहे. भारतातून आई-बाबा आले की आम्ही सगळेच त्यांना तिथे नेतो, फिरत्या पाळण्यांखाली फोटो काढतो. आता गेले की मला ती थंडी आठवते.

त्याच सुमारास त्यांची पत्नी डायॅन धूम्रपान सोडायचा प्रयत्न करत होती. तिला साथ म्हणून दोघं धावायला लागले. डायॅनच्या साथीला सुरू झालेलं धावणं पेज यांना असं लागलं की पुढे सुटलंच नाही. रोज मैलांमागून मैल. वजन उतरलं. रांगेत समोरच्याला रेटायला जाडजूड देह लागतो आणि हा माणूस सव्वादोनशे पौंडांच्या घरात येऊन ठेपला. प्रशिक्षक आणि त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं. पेज खेळाडूंच्या संघटनेचं काम करत होते, प्रश्न विचारत होते, परीक्षा देत होते, आणि वर हलके होत होते. 1978 मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हंगाम चालू असताना, व्हायकिंग्सनं त्यांना संघाबाहेर काढलं. ज्या माणसानं चार सुपर बोलांपर्यंत संघाला नेलं, प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी नऊ वेळा ज्याची निवड झाली, त्याला शिकागो बेअर्सनं उचललं ते शंभर डॉलरला. लीगच्या नियमाप्रमाणे अशा सोडून दिलेल्या खेळाडूची तेवढीच किंमत होती.

शंभर डॉलर.

ग्रँट यांची बाजू मला अगदीच कळत नाही असं नाही. रांगेतला गडी हलका झाला की शेजारच्या गड्यावर भार येतो, मधून वाट पडते, आणि प्रशिक्षकाला पुढचा रविवार दिसत असतो. ग्रँट या राज्यात अजूनही अतिशय आदरानं आठवले जातात आणि तो आदर त्यांनी कमावलेला आहे. तरीही मन तिथेच अडतं. एका माणसाचं शरीर हळूहळू त्याचं स्वतःचं होत होतं. डोकं आधीच झालं होतं. आणि नेमका त्याच वेळी तो निरुपयोगी ठरला. पेज शिकागोला गेले, उरलेले सामने खेळले, एकही सामना न चुकवण्याची साखळी तुटू दिली नाही, आणखी तीन हंगाम खेळले. मधल्या काळात मिनियापोलिसमधल्या एका फर्ममध्ये वकिलीही सुरू केली. 1979 च्या उन्हाळ्यात डुलुथला जाऊन त्यांनी ग्रँडमाज मॅरेथॉन पूर्ण केली. लीगमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिले खेळाडू.

आमच्या मराठी मंडळाच्या जेवणावळीत मी हे सगळं एकदा उत्साहानं सांगितलं. एक काका लगेच आपल्या नातवाकडे वळून म्हणाले, ‘‘बघ, दोन्ही करता येतं. मनावर घ्यायला हवं.’’ नातू ताटाकडे बघत राहिला. मला फार वाईट वाटलं. या गोष्टीचा असा वेत कुणाच्या पाठीवर ओढला जाऊ नये. पेज यांना विलक्षण शरीर मिळालं होतं, विलक्षण बुद्धी मिळाली होती, घरी साथ होती, आणि तरी पहिल्यांदा कॉलेज सोडावं लागलंच. त्यांच्याबरोबर रांगेत बसलेल्या कितीतरी जणांनी तितकंच मनावर घेतलं होतं.

बाल्टिमोर कोल्ट्सचे जॉन मॅकी घ्या. त्यांचाही जर्सी क्रमांक 88. खेळाडूंच्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. करार संपलेल्या खेळाडूला दुसरा संघ घ्यायला धजू नये असा लीगचा एक नियम होता: नव्या संघानं जुन्या संघाला भरपाई द्यायची आणि ती किती ते लीगचे आयुक्त ठरवणार. मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध दावा लावला. वादींमध्ये पेजही होते. खटला इथेच, मिनियापोलिसच्या फेडरल न्यायालयात चालला आणि खेळाडू जिंकले; 1976 मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. आज खेळाडू कोट्यवधींचे करार करतात त्याची एक वाट तिथून निघते. आणि हेच मॅकी उतारवयात स्मृतिभ्रंशानं इतके ग्रासले गेले की पत्नी सिल्व्हिया यांना त्यांच्या देखभालीच्या खर्चासाठी नोकरी धरावी लागली. त्यांनी लीगच्या आयुक्तांना पत्र लिहिलं. त्यातून 2007 मध्ये माजी खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी जी योजना आली तिचं नाव ‘88 प्लॅन’, आणि सुरुवातीची मर्यादा वर्षाला 88,000 डॉलर. मॅकींच्या पाठीवरचा आकडा. ते 2011 मध्ये गेले, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी.

दोघांच्याही पाठीवर तोच आकडा होता. एकाला आपण कोण ते आठवेना, दुसरा त्याच सुमारास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल लिहीत होता. यात कष्ट किती, नशीब किती, कवटीत नेमकं कुठे किती दणके बसले याचा भाग किती, हे कुणी मोजून सांगावं? मी सांगू शकत नाही. पेज यांची करंगळी बघितली की मला हायसं वाटतं, हेही खरं. खेळानं जे नेलं ते डोळ्यांना दिसतंय, एवढंसं आहे.

न्यायालयात पोचणंही सरळ नव्हतं. मिनेसोटात न्यायाधीश निवडून यावे लागतात. प्रत्यक्षात मात्र अनेकदा मुदतीच्या आत जागा रिकामी होते आणि राज्यपाल नेमणूक करतात. पेज यांनी वकिली केली, राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात काम केलं, आणि 1992 मध्ये निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं. तेव्हा राज्यपालांनी पदावर असलेल्या न्यायमूर्तींची मुदत वाढवली, म्हणजे निवडणूकच होणार नाही. पेज कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती स्वतःच्याच बाकाचा निवाडा कसा करणार, म्हणून निवृत्त न्यायाधीशांचं पीठ बसलं आणि त्यांनी निवडणूक घ्यायला लावली. पेज जिंकले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. 1993 च्या जानेवारीपासून 2015 पर्यंत ते तिथे होते. सत्तराव्या वर्षी पद सोडायचा कायदा आहे, म्हणून सोडलं. बाकावरची बावीस वर्षं मैदानावरच्या पंधरा वर्षांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि तरी वर्तमानपत्रातल्या मथळ्यात त्यांच्या नावाआधी ‘माजी फुटबॉलपटू’ येतंच.

फेब्रुवारी 2018 मध्ये सुपर बोल आमच्या शहरात झाला. निकोलेट मॉल या रस्त्यावर बर्फाचे पुतळे, नदीवरून दोरीवर लटकत जाणारी माणसं, लाऊडस्पीकर, उणे तापमानात गालांवर जांभळा रंग फासलेली पोरं. त्याच दिवसांत दोन पावलांवरच्या सेंट्रल लायब्ररीत पेज दांपत्यानं जमवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. मी दुपारी गेले. बाहेरच्या गलक्यातून आत आल्यावर कानात शीळ वाजल्यासारखं झालं. गुलामगिरीच्या काळातल्या वस्तू, काळ्यांसाठी वेगळी जागा दाखवणाऱ्या पाट्या, आणि लिंकनच्या अंत्ययात्रेच्या वेळचा, आम्ही तुला विसरणार नाही असं सांगणारा एक फलक. सगळ्या जगाचे कॅमेरे गावात असताना, एवढं मोठं नाव असलेल्या माजी व्हायकिंगला कुठल्याही मंचावर जागा मिळाली असती. त्यांनी ही खोली निवडली. एक आजी पाटीसमोर खूप वेळ उभ्या होत्या. कोट काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं. त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर डायॅन गेल्या. काही आठवड्यांनी, नोव्हेंबरमध्ये, पेज यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते देशाचं सर्वोच्च नागरी पदक मिळालं. ज्यांच्याबरोबर धावायला सुरुवात केली त्या बघायला नव्हत्या.

हॉल ऑफ फेमच्या समारंभात खेळाडूची ओळख करून द्यायला बहुधा जुना प्रशिक्षक किंवा सहकारी बोलावतात. पेज यांनी 1988 मध्ये मिनियापोलिसच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापिकेला, विलरीन बीझली यांना बोलावलं. भाषणात सामन्यांपेक्षा शाळेबद्दलच अधिक बोलले. एकदा संघाच्या बैठकीत खेळींची वही मोठ्यानं वाचायला सांगितली तेव्हा कॉलेजातून आलेल्या काही धडधाकट सहकाऱ्यांना ती वाचता येईना, हा प्रसंग त्यांनी सांगितला. मला ती खोली दिसते. अवाढव्य खांदे, छोटी बाकं, आणि पानावर बोट ठेवून थांबलेला एक माणूस, ज्याला हजारो लोक नावानं ओळखतात. त्याला आजवर प्रत्येक शिक्षकानं पुढच्या वर्गात ढकललं होतं, कारण शनिवारच्या सामन्यात तो हवा होता.

त्याच वर्षी त्यांनी आणि डायॅननं पेज एज्युकेशन फाउंडेशन काढलं. मिनेसोटातल्या गोऱ्या नसलेल्या मुलांना कॉलेजसाठी पैसे द्यायचे, आणि त्या बदल्यात एकच अट: शिकत असताना आपल्यापेक्षा लहान मुलांसोबत बसायचं, त्यांना वाचायला, गणित करायला मदत करायची. मला ही अट पैशांपेक्षा मोलाची वाटते. पदवीनंतर आठवणीनं समाजाचं ऋण फेडू म्हणणारे पुष्कळ असतात. इथे शिकता शिकताच ते काम करावं लागतं. 2020 च्या सुरुवातीला त्यांनी आणि मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष, काश्मिरी वंशाचे नील काश्कारी यांनी मिळून मिनेसोटाच्या घटनेतच दुरुस्ती सुचवली: दर्जेदार सरकारी शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क करायचा. शिक्षकांच्या संघटनेनं विरोध केला, गाडं विधिमंडळात अडकलं. त्या विरोधातले काही मुद्दे मला पटतात. पण पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर माणसानं घटनेतला शब्द बदलायला निघावं, यापुढे मी नमते.

दक्षिण मिनियापोलिसमध्ये एका माध्यमिक शाळेला अलेक्झांडर रॅम्सी यांचं नाव होतं. 1862 मध्ये, राज्यपाल असताना, इथल्या मूळनिवासी डकोटा लोकांना नष्ट करा किंवा राज्याबाहेर हाकला असं त्यांनी म्हटलं होतं. शाळेतल्या मुलांनीच हे नाव नको म्हणून मोहीम चालवली. 2017 मध्ये नाव बदललं: जस्टिस पेज मिडल स्कूल.

आमच्या गल्लीतल्या एका सोमाली कुटुंबातली मुलगी पेज स्कॉलर आहे. नर्सिंग शिकते. आठवड्यातून एक दुपार ती तिसरीतल्या मुलांसोबत बसते. त्यांतला एक वाचताना ओळी गाळतो, म्हणून तिनं पुठ्ठ्याला खिडकी कापून त्याला दिली आहे, एका वेळी एकच ओळ दिसेल अशी. बस थांब्यावर भेटली की ती मला त्याची प्रगती सांगते. एकदा मी तिला विचारलं, पेज कोण ते माहीत आहे ना. ‘‘हो, जज होते,’’ ती म्हणाली. आणि बस येताना दिसली तशी पिशवी खांद्यावर घेत, ‘‘आधी फुटबॉल वगैरे खेळायचे म्हणे.’’